हरलेल्या खेळाडूचें भाष्य

वाङ्मयविषयक मासिकांत एका अमेरिकन फुटबॉलपटूची चर्चा कशाला, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल, आणि तो येणें स्वाभाविक आहे. ज्या खेळाचें नांव फुटबॉल असूनहि ज्यांत चेंडूला पाय क्वचितच लागतो, तो खेळ आपल्याकडे फारसा कोणी खेळत नाहीं व पाहतहि नाहीं. परंतु आमचा विषय तो खेळ नसून त्या खेळावर बोलणारा माणूस हा आहे. डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टीचा अर्थ दुसऱ्याला उलगडून सांगणें, तिच्यांतील गुणदोष दाखविणें, आणि हें सर्व ऐकणाऱ्याचा रसभंग न करतां साधणें, ही टीकाकाराचीच कला होय. आपल्या जुन्या पंडितांच्या लेखीं 'टीका' म्हणजे दोष काढणें नव्हतें. मूळ ग्रंथ वाचकाला सुगम करून देणारें लेखन ती टीका. निराधार कांहीं लिहिणार नाहीं आणि अनावश्यक कांहीं बोलणार नाहीं, अशी प्रतिज्ञा करून मल्लिनाथ कालिदासाच्या काव्याकडे वळला. मैदानावरील खेळाचें समालोचन करणारा गृहस्थ हा त्याच कुळांतला समजावा. फरक इतकाच कीं, त्याचा मूळ ग्रंथ त्याच्या डोळ्यांदेखत लिहिला जात असतो, आणि पान उलटून मागें पाहण्याची त्याला फारशी सवड नसते.

आम्ही ज्याच्याविषयीं लिहीत आहों तो डॉन मेरेडिथ. जन्म 10 एप्रिल 1938 रोजीं, टेक्सस राज्यांतील माउंट व्हर्नन या लहानशा गांवीं. मृत्यु 5 डिसेंबर 2010 रोजीं, न्यू मेक्सिकोंतील सँटा फे येथें. 1960 पासून 1968 पर्यंत नऊ हंगाम तो डॅलस काउबॉइज या संघाकडून खेळला. 1970 सालीं ए.बी.सी. या दूरचित्रवाणी संस्थेनें 'मंडे नाइट फुटबॉल' हा सोमवार रात्रीचा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या पहिल्या तीन समालोचकांपैकीं तो एक. आणि मधले तीन हंगाम सोडले तर 1984 पर्यंत तो त्या जागीं होता. त्याच्या या दुसऱ्या आयुष्याचें परीक्षण करण्याचा आमचा हेतु आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मेरेडिथनें खेळाला त्याच्या खऱ्या मापांत दाखविलें, आणि हें माप त्याला पराभवानें शिकविलें होतें. परंतु ज्या एका गोष्टीविषयीं बोलण्याचा अधिकार त्याच्यासारख्यालाच होता, त्या गोष्टीपाशीं येतांच त्याची वाणी थांबली.

प्रथम खेळाविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. मैदान 100 यार्ड लांब. प्रत्येक बाजूस 11 खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांनीं चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढें सरकावयाचें. सरकले तर पुन्हां चार प्रयत्न मिळतात, न सरकले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नापूर्वीं खेळाडू घोळका करून उभे राहतात, डाव ठरतो, रांगा लागतात, आणि मग चेंडू ज्याच्या हातीं येतो तो क्वार्टरबॅक. पुढच्या तीन-चार सेकंदांत, समोरून धिप्पाड माणसें अंगावर धावून येत असतां, त्याला निर्णय घ्यावा लागतो: चेंडू दूरच्या सोबत्याकडे फेकावा, जवळच्याच्या हातीं द्यावा, कीं स्वतः घेऊन धावावें. संघाच्या यशाचें श्रेय प्रथम त्याला मिळतें आणि अपयशाचें खापरहि प्रथम त्याच्याच डोक्यावर फुटतें. घड्याळ 60 मिनिटें चालतें, सामना तीन तास लांबतो. परंतु चेंडू प्रत्यक्ष खेळांत असतो तो अवघीं 11 मिनिटें किंवा त्याच्या आसपास. उरलेला सारा काळ थांबण्याचा, वाट पाहण्याचा, पुन्हां रांगा लावण्याचा. समालोचनाच्या दृष्टीनें ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. या मोकळ्या जागेंत काय भरावयाचें, हा या कलेचा मूळ प्रश्न आहे.

क्रिकेटमुळें हा प्रश्न आपल्याहि परिचयाचा झालेला आहे. दहा कसोटी सामने खेळलेले विजय मर्चंट निवृत्तीनंतर विविध भारतीवरून क्रिकेटविषयीं बोलूं लागले, आणि महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले बाळ ज. पंडित यांनीं आकाशवाणीवरून क्रिकेटला मराठी बोलावयास शिकविलें. मैदान सोडलेल्या खेळाडूनें मैदानाविषयीं बोलावें, ही प्रथा आतां सर्व देशांत रूढ झाली आहे. तेव्हां असा खेळाडू इतर जाणत्या माणसापेक्षां अधिक काय देतो, हें तपासून पाहावयास हवें. नियमांचें ज्ञान पुस्तकांतून मिळतें, आकडे कारकून पुरवूं शकतो. खेळाडूजवळ असें कांहीं असलें पाहिजे कीं जें दुसऱ्या कोणाजवळ नाहीं. मेरेडिथजवळ तें काय होतें हें समजण्यासाठीं त्याचें पहिलें आयुष्य पाहावें लागतें.

तें आयुष्य यशाचें म्हणावें तर तसें नाहीं, अपयशाचें म्हणावें तर तसेंहि नाहीं. डॅलस येथील सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठांत त्यानें नांव कमावलें, आणि 1959 च्या नोव्हेंबरांत, काउबॉइज संघाला लीगची मान्यताहि मिळालेली नसतांना, भावी मालकांनीं त्याच्याशीं करार करून टाकला. जो संघ अजून जन्मलाहि नव्हता त्याचा तो पहिल्या खेळाडूंपैकीं एक! पुढच्या वर्षीं संघ जन्मला, आणि पहिल्या हंगामांतील 12 सामन्यांपैकीं 11 हरला व एक बरोबरींत सुटला. मार्गदर्शक टॉम लँड्री हा महायुद्धांत बाँबफेकी विमानांतून उड्डाणें केलेला, यंत्रोद्योगाचें शिक्षण घेतलेला, मितभाषी मनुष्य. खेळ म्हणजे कागदावर सोडवावयाचें गणित, अशी त्याची दृष्टि होती. 1962 सालीं त्यानें एका डावाला एडी लेबॅरन व पुढच्या डावाला मेरेडिथ असे दोन क्वार्टरबॅक आळीपाळीनें मैदानावर पाठविण्याचा प्रयोग केला. आपला मोहरा प्रत्येक चालीनंतर पटावरून उचलला जावा, यांत मोहऱ्याच्या मनाचें काय होत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. त्यांतून मेरेडिथचा स्वभाव गाणीं म्हणणारा, गंभीर प्रसंगीं थट्टा सुचणारा. असा मनुष्य हरला म्हणजे लोकांना वाटतें कीं याला जिंकण्याची चाडच नाहीं. डॅलसच्या प्रेक्षकांनीं वर्षानुवर्षें त्याची हुर्यो केली.

1966 मध्यें दिवस पालटले. संघानें 10 सामने जिंकले आणि अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत मजल मारली. 1 जानेवारी 1967 रोजीं डॅलसच्याच कॉटन बोल मैदानावर ग्रीन बे पॅकर्सशीं गांठ पडली. अगदीं शेवटीं धावफलकावर 34–27 असा ग्रीन बेला फायदा, आणि मेरेडिथचा संघ प्रतिपक्षाच्या रेषेपासून दोन यार्डांवर. चौथ्या आणि अखेरच्या प्रयत्नांत, अंगाला झोंबणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशीं झगडत त्यानें फेकलेला चेंडू ग्रीन बेच्या टॉम ब्राउननें पकडला, आणि सारें संपलें. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशीं, 31 डिसेंबर 1967 रोजीं, ग्रीन बे येथें पुन्हां तेच दोन संघ समोरासमोर आले. उष्णमान शून्याखालीं 25 अंश सेल्सियस. पंचांच्या शिट्ट्या गोठून निकामी झाल्या. डॅलसपाशीं 17–14 अशी आघाडी होती. परंतु सामना संपण्यास 13 सेकंद उरले असतां बार्ट स्टारनें स्वतः चेंडू घेऊन रेषा ओलांडली आणि ग्रीन बेनें 21–17 असा विजय मिळविला. त्या सामन्यानंतर सी.बी.एस.तर्फें फ्रँक गिफर्डनें पराभूतांच्या खोलींत जाऊन मेरेडिथची मुलाखत घेतली. थकलेला, गारठलेला, हरलेला तो माणूस आपल्या सोबत्यांविषयीं इतक्या मोकळेपणानें आणि कळवळ्यानें बोलला कीं तें बोलणें अनेकांच्या स्मरणांत राहिलें. आमच्या मतें त्याच्या दुसऱ्या आयुष्याचा आरंभ तेथेंच झाला.

पहिल्या आयुष्याचा शेवट मात्र व्हावयाचा होता. 21 डिसेंबर 1968 रोजीं क्लीव्हलंड येथें बाद फेरीच्या सामन्यांत मेरेडिथच्या फेकी प्रतिपक्षाच्या हातीं पडूं लागल्या. लँड्रीनें त्याला बाहेर बसविलें व क्रेग मॉर्टनला आंत पाठविलें. डॅलसनें तोहि सामना 31–20 असा गमावला. पुढील उन्हाळ्यांत, वयाच्या 31 व्या वर्षीं, मेरेडिथनें खेळाचा निरोप घेतला. नऊ हंगामांत 17,199 यार्डांच्या फेकी, 135 वेळां चेंडू रेषेपलीकडे, 111 वेळां प्रतिस्पर्ध्यांच्या हातांत. हे आकडे उत्तम खेळाडूचे आहेत, अजिंक्य खेळाडूचे नाहींत.

दोन वर्षें उलटण्यापूर्वींच त्याला नवें काम मिळालें. ए.बी.सी.चा क्रीडाप्रमुख रून आर्लेज याला फुटबॉलचा सामना हा रात्रीच्या नाटकासारखा दाखवावयाचा होता. रविवारीं दुपारीं पाहणारा वर्ग हा मुळांतच खेळाचा भोक्ता. सोमवारीं रात्रीं घरांतील सारींच माणसें दूरचित्रवाणीपुढें बसणार. त्यांना बसवून ठेवावयाचें म्हणजे चेंडूबरोबर चेहरेहि दाखविले पाहिजेत, आणि वर्णनाबरोबर संवादहि ऐकविला पाहिजे. आर्लेजला गिफर्ड हवा होता. तो अन्यत्र करारानें बांधलेला असल्यामुळें त्यानें मेरेडिथचें नांव सुचविलें. 21 सप्टेंबर 1970 रोजीं पहिला कार्यक्रम झाला तो क्लीव्हलंडच्या त्याच मैदानावरून, जेथें एकवीस महिन्यांपूर्वीं मेरेडिथला खेळ अर्ध्यावर सोडून बाजूला बसावें लागलें होतें. शेजारीं दोघेजण: खेळाचें धावतें वर्णन करणारा कीथ जॅक्सन, आणि हॉवर्ड कोसेल.

कोसेलचा स्वतंत्र विचार केल्यावांचून मेरेडिथ समजणार नाहीं. तो न्यूयॉर्कचा, कायद्याचें शिक्षण घेतलेला, लांबलचक शब्दांचा आणि ठाम मतांचा मनुष्य. महंमद अलीवर सारें राष्ट्र उलटलें असतां त्याच्या बाजूनें उभें राहण्याचें धैर्य त्यानें दाखविलें होतें. म्हणून त्याला नुसता बडबड्या म्हणून उडवून लावतां येत नाहीं. परंतु प्रत्येक सामना म्हणजे इतिहासाचें पर्व, अशा थाटांत तो बोले. त्याच्या एखाद्या भारदस्त वाक्यानंतर टेक्ससच्या खेड्यांतील संथ हेल काढून मेरेडिथ चार शब्द बोले, आणि फुगविलेला फुगा अलगद खालीं येई. संस्कृत नाटकांतील विदूषकाची आठवण येथें कोणाहि वाचकाला होईल. विदूषक हा मूर्ख नसतो. राजाच्या विरहवेदनेच्या ऐन भरांत त्याला मोदकांची आठवण येते, आणि त्यामुळें राजा हाहि माणूसच आहे हें आपल्या ध्यानांत राहतें. मेरेडिथनें हेंच काम केलें. कोसेल खेळाला मोठा करीत होता, मेरेडिथ त्याला पुन्हां घरांत मावेल एवढा करीत होता. 1971 सालीं एमी पारितोषिक त्याला मिळालें, तें अमेरिकन लोकांना ही गोष्ट आवडल्याची पावती होय.

त्याच्या कलेची खरी कसोटी 16 नोव्हेंबर 1970 च्या रात्रीं लागली, आणि आमच्या मतें त्याच्या साऱ्या कारकीर्दींत या रात्रीइतका अर्थपूर्ण प्रसंग दुसरा नाहीं. सामना डॅलसच्या कॉटन बोलवर, म्हणजे त्याच्या जुन्या मैदानावर. खेळणारा संघ काउबॉइज, म्हणजे त्याचे जुने सोबती. मार्गदर्शक तोच लँड्री. सेंट लुइस कार्डिनल्स संघानें त्यांचा 38–0 असा धुव्वा उडविला. सामना हातचा गेला तसे प्रेक्षक वर समालोचकांच्या सज्जाकडे पाहून ओरडूं लागले: आम्हांला मेरेडिथ हवा! ज्या लोकांनीं दोन वर्षांपूर्वींपर्यंत त्याची हुर्यो केली होती त्यांनाच आतां तो हवासा वाटूं लागला होता. अशा वेळीं एखादा मनुष्य सुखावला असता; एखाद्यानें जुना सूड उगवून घेतला असता; एखाद्यानें मित्रांची बाजू सावरण्यासाठीं सबबी सांगितल्या असत्या. मेरेडिथ एवढेंच म्हणाला कीं आज रात्रीं मला खालीं नेणें कोणालाहि साधणार नाहीं.

या उत्तरांत आम्हांला त्याची सारी कला दिसते. पहिली गोष्ट अशी कीं, तें खरें होतें. अशा रात्रीं त्या गवतावर उभें राहणें म्हणजे काय, हें त्या सज्जांतील तिघांपैकीं एकालाच ठाऊक होतें. दुसरी अशी कीं, त्या उत्तरानें सोबत्यांना कमी लेखलें नाहीं. त्यांचें दुःख त्यानें आपल्या अंगावर घेतलें. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, लोकांच्या ओरडण्याची खरी किंमत त्यानें ओळखली. लोकांना मेरेडिथ नको होता, त्यांना जो हरत आहे तो नको होता. काल तो स्वतः हरत होता म्हणून नकोसा होता, आज दुसरा कोणी हरत आहे म्हणून तो हवासा झाला. ज्यानें केवळ विजयच पाहिला आहे त्याला हें कळत नाहीं. त्याला वाटतें कीं लोक आपल्यावर प्रेम करतात. त्या रात्रीनंतर डॅलस संघानें त्या हंगामाचे उरलेले सर्व सामने जिंकले व तो सुपर बोलपर्यंत जाऊन पोहोंचला, तेथें तो 16–13 असा हरला. तेव्हां प्रेक्षकांनीं त्या रात्रीं दिलेला निकाल हा निकालच नव्हता, हेंहि सिद्ध झालें.

दुसरा प्रसंग हलका आहे, पण तो कलेच्या दृष्टीनें तितकाच बोलका आहे. 9 ऑक्टोबर 1972 रोजीं ह्यूस्टन येथें यजमान संघ ओकलंडकडून 34–0 असा हरत होता. खेळांत पाहण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. कॅमेरा रिकाम्या होत चाललेल्या बाकांवरून फिरत एका पेंगुळलेल्या प्रेक्षकावर स्थिरावला. त्या गृहस्थानें डोळे उघडले आणि रागानें कॅमेऱ्याकडे एक बोट उभारून असभ्य खूण केली. लाखों घरांत ती पोहोंचली. मेरेडिथनें लगेच खुलासा केला कीं, आपला संघ देशांत पहिल्या क्रमांकाचा आहे असें त्याचें म्हणणें आहे! असभ्यपणावर रागावणें सोपें होतें, न पाहिल्यासारखें करणें त्याहून सोपें. त्यानें त्या हावभावाची जी टीका केली ती मल्लिनाथाच्या प्रतिज्ञेंत बसणारी खास नाहीं; परंतु रटाळ सामना, रागावलेला मनुष्य आणि ओशाळलेलें यजमानमंडळ या तिघांचीहि तिनें एकदम सुटका केली. सामन्याचा निकाल स्पष्ट झाला म्हणजे तो विली नेल्सनच्या 'द पार्टीज ओव्हर' या गाण्याची ओळ गुणगुणत असे. मैफल संपल्यावरहि सतरंजी झाडून लोकांना बसवून ठेवणारे समालोचक पुष्कळ असतात. मैफल संपली असें मोकळेपणानें सांगणारा हा एक निघाला, आणि गंमत अशी कीं लोक त्याचें गाणें ऐकण्यासाठीं बसून राहिले.

येथवर आम्ही गुण सांगितले. दोषांकडे डोळेझांक केली तर हें परीक्षण नव्हे, स्तुतिपाठ ठरेल. मेरेडिथ अभ्यासू नव्हता. खेळाडूंच्या रचना, प्रतिपक्षाच्या युक्त्या, एखादा डाव कां फसला याची चिकित्सा, हें त्याच्याकडून मिळे तें सहज सुचलें तर मिळे. क्वार्टरबॅकचें अंतरंग जाणणारा माणूस समोर बसला असतां ऐकणाऱ्याला त्या अंतरंगाची ओळख अपुरीच झाली. 1974 सालीं तो एन.बी.सी.कडे गेला, अभिनयाचीहि हौस त्यानें भागवून घेतली, आणि 1977 मध्यें परत आला. परंतु परत आलेल्या मेरेडिथच्या बोलण्यांत पूर्वींचा ताजेपणा नेहमींच आढळत नाहीं. खेळ हा केवळ खेळ आहे, ही जाणीव प्रथम विनोदाला जन्म देते. तिला श्रमाची जोड नसेल तर तीच पुढें कंटाळ्याला जन्म देते. शिवाय त्याचा विनोद परावलंबी होता. फुगा फोडणाऱ्याला फुगविणारा लागतो. 1983 च्या हंगामानंतर कोसेलनें तो कार्यक्रम सोडला, आणि आणखी एकाच हंगामानंतर मेरेडिथहि गेला. राजा रंगभूमीवरून निघून गेल्यावर विदूषकाला एकट्याला बोलण्यासारखें फारसें उरलें नाहीं.

हे दोष कोणत्याहि विनोदी लेखकाच्या बाबतींत सांगतां येतील. याहून मोठा प्रश्न निराळाच आहे. 1973 सालीं पीटर जेंट या डॅलसच्या माजी खेळाडूची 'नॉर्थ डॅलस फॉर्टी' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. जेंट मेरेडिथचा सोबती. कादंबरींतील सेठ मॅक्सवेल हा क्वार्टरबॅक मेरेडिथवरूनच बेतला आहे असें सर्वत्र मानलें गेलें. त्या कादंबरींत खेळाडूंचीं मोडलेलीं शरीरें आहेत. वेदना मारण्यासाठीं टोंचलेल्या सुया आहेत. माणसाला यंत्राचा सुटा भाग समजणारा कारभार आहे. म्हणजे ज्या वर्षांत सोमवारच्या रात्रीं मेरेडिथ कोट्यवधि लोकांना हंसवीत होता, त्याच वर्षांत त्याचा जुना सोबती त्याच खेळाची दुसरी बाजू लिहीत होता. ही दुसरी बाजू मेरेडिथला ठाऊक नव्हती असें कोण म्हणेल? ती त्याच्या स्वतःच्या हाडांवर लिहिलेली होती. परंतु आमच्या वाचनांत जें आलें आहे त्यावरून पाहतां, सज्जांतील मेरेडिथच्या ख्यातीचा पाया त्याचे चुटके आणि त्याचीं गाणीं हाच राहिला. तो वेदनेचा भाष्यकार म्हणून कोणी त्याचें स्मरण करीत नाहीं.

आणि त्याच सज्जांत, 1971 पासून, त्याच्या शेजारीं फ्रँक गिफर्ड बसत होता. 20 नोव्हेंबर 1960 रोजीं चक बेडनरिकच्या तडाख्यानें हाच गिफर्ड मैदानावर बेशुद्ध पडला होता आणि पुढचा एक संपूर्ण हंगाम त्याला खेळतां आलें नाहीं. 2015 सालीं तो वारला. आणि डोक्याला वारंवार बसणाऱ्या आघातांमुळें होणारा मेंदूचा रोग त्याला जडलेला होता, असें त्याच्या कुटुंबियांनीं त्याच वर्षीं जाहीर केलें. त्यापूर्वीं दोन वर्षें, 2013 मध्यें, हजारों माजी खेळाडूंनीं अशाच आघातांबद्दल केलेल्या दाव्यांत लीगनें 76 कोटी 50 लाख डॉलर्सची तडजोड मान्य केली होती. आज ते जुने सामने पाहतांना मन चमत्कारिक होतें. खालीं दोन माणसें एकमेकांवर आदळतात. वर सज्जांत दोन माणसें बसलेलीं, ज्यांनीं असेच आघात स्वतः सोसलेले. आणि आपल्याला ऐकूं येतो तो एक खुसखुशीत शेरा.

न्यायाची चाड ठेवून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, मेंदूच्या या रोगाचा आणि या खेळाचा संबंध त्या काळीं वैद्यांनाहि उकललेला नव्हता. तेव्हां अज्ञात गोष्ट सांगितली नाहीं म्हणून मेरेडिथला दोष देणें योग्य होणार नाहीं. परंतु दुखऱ्या गुडघ्यांत सुई टोंचून खेळणें, शुद्ध हरपल्यावर पुन्हां मैदानावर उतरणें, या गोष्टी गुप्त नव्हत्या. त्या न सांगण्याचीं कारणें आम्ही समजूं शकतों. लीगनें सामने विकावयाचे, संस्थेनें ते विकत घ्यावयाचे, आणि समालोचकाचें वेतन त्या व्यवहारांतूनच निघावयाचें. जेवणाच्या पंगतींत बसून अन्नाविषयीं शंका काढणें कठीण असतें. खेळाडूचा स्वतःचा अभिमानहि असतो: दुखतें असें म्हणणें त्याला शिकविलेलेंच नसतें. परंतु कारण समजलें म्हणून उणीव भरून निघत नाहीं. विनोद दोन प्रकारचा असतो. एक सत्य दाखवितो, दुसरा तें सोसण्यास मदत करतो. कॉटन बोलवरील त्या रात्रीं मेरेडिथचा विनोद पहिल्या प्रकारचा होता. नंतरच्या वर्षांत तो बहुधा दुसऱ्या प्रकारचा राहिला.

त्याच्यानंतर या कलेनें पुष्कळ पालट पाहिले. डॅलस संघाचाच आणखी एक क्वार्टरबॅक, टोनी रोमो, 2017 सालीं खेळ सोडून लगेच सी.बी.एस.च्या सज्जांत जाऊन बसला. त्याचेंहि आयुष्य मेरेडिथच्या आयुष्याशीं जुळणारें आहे. 6 जानेवारी 2007 रोजीं सिअ‍ॅटल येथें विजय हाताशीं आला असतां लाथेसाठीं धरावयाचा चेंडू त्याच्या हातून निसटला आणि डॅलस संघ 21–20 असा हरला. सुपर बोलपर्यंत त्याला कधींच पोहोंचतां आलें नाहीं. परंतु त्याची रीति अगदीं निराळी. खेळाडूंच्या रांगा पाहून पुढचा डाव कोणता होणार हें तो आधींच सांगूं लागला. 20 जानेवारी 2019 रोजींच्या न्यू इंग्लंड व कॅन्सस सिटी यांच्या सामन्यांत त्यानें एकामागून एक इतके अचूक अंदाज सांगितले कीं ऐकणारे थक्क झाले. 2020 सालीं त्याच्याशीं झालेल्या नव्या कराराची रक्कम वर्षाला सुमारें 1 कोटी 70 लाख डॉलर्स असल्याचें वृत्तपत्रांनीं प्रसिद्ध केलें. मेरेडिथजवळ ज्या अभ्यासाची उणीव होती ती येथें पुरेपूर भरून निघाली, हें आम्ही आनंदानें मान्य करतों. क्वार्टरबॅकला तीन सेकंदांत काय काय दिसतें, हें सामान्य माणसाला प्रथमच इतक्या स्पष्टपणें कळलें.

तरीहि एक शंका उरते. पुढें काय होणार हें सांगणारा ज्योतिषी, आणि जें झालें त्याचा अर्थ सांगणारा भाष्यकार, यांची योग्यता सारखी नाहीं. पुढच्या ओळींत काय आहे हें मल्लिनाथ आधीं सांगत बसला असता तर विद्यार्थी चकित झाले असते, पण काव्य राहून गेलें असतें. भविष्य खरें ठरलें कीं त्याचें काम संपतें. चुकूं लागलें कीं लोक उलटतात, आणि रोमोचे अंदाज व बडबड यांवर पुढें टीकाहि पुष्कळ झाली. मेरेडिथचें त्या रात्रींचें उत्तर अर्ध्या शतकानंतरहि शिळें झालेलें नाहीं, कारण तें डावांविषयीं नसून माणसांविषयीं होतें.

मग खेळाडू-समालोचकाकडून आपण काय मागावें? रोमोचा अभ्यास मागावा आणि मेरेडिथचें माप मागावें, हें उघड आहे. पण त्यावर आणखी एक मागणी करण्याचा ऐकणाऱ्याला अधिकार आहे. जो मैदानावर उभा राहिला आहे, ज्यानें हार पाहिली आहे, ज्याच्या देहावर त्या खेळाच्या खुणा आहेत, त्यानें तो खेळ खेळणाऱ्याकडून काय घेतो हें सांगावें. हें ज्ञान पुस्तकांत सांपडत नाहीं, कारकुनाला पुरवितां येत नाहीं, आणि ज्याला तें आहे तो गेला कीं त्याच्याबरोबरच जातें. असें सांगण्यानें सामन्याची गोडी कमी होईल ही भीति आम्हांला खरी वाटत नाहीं. शोकांतिका पाहून आलेला प्रेक्षक नाटकाला कायमचा पाठमोरा होत नाहीं. तो पुढच्या वेळीं अधिक जपून, अधिक आदरानें पाहतो. ग्रीन बेच्या त्या गोठलेल्या संध्याकाळीं, पराभूतांच्या खोलींत, मेरेडिथ असें बोलला होता. तेव्हां त्याला कोणी वेतन देत नव्हतें, आणि हंसविण्याची जबाबदारीहि त्याच्यावर नव्हती. पुढील चौदा वर्षांतील त्याच्या बोलण्यांतून आम्हांला पुष्कळ आनंद मिळाला. परंतु त्या एका मुलाखतींतील माणूस सज्जांत अधिक वेळां येऊन बसता तर तो आनंद अधिक मोलाचा ठरता.